नळाच्या तोट्या कोणत्या घ्याव्यात? (बोअरचं खारं पाणी, छतावरची टाकी, आठ दिसाला नळ)

गंजगोलाई मास्तर (लातूर)

राम राम मंडळी. घर बांधायला काढलंय. खाली एक न्हाणी, वर एक, स्वयंपाकघर, आणि अंगणात आईसाठी एक मोरी. प्लास्टर उरकत आलंय. फरशीवाला दिवाळीनंतर येतो म्हणतो, आणि प्लंबर रोज विचारायलाय, "सर, तोट्या ठरल्या का? भिंतीतलं सामान आधी लागतं."

म्हणून काल बायकोला घेऊन दुकानात गेलो. दुकान कसलं, सोनाराची पेढीच! खाली मखमल, वर दिवे, मधे तोट्या. एका तोटीची किंमत विचारली तर माझ्या पहिल्या पगारापेक्षा जास्त निघाली. दुकानदारानं चहा पाजला, वही काढली आणि अख्ख्या घराचे ८८ हजार सांगितले. चहा गोड होता, नंतर कडू लागला.

घरात चार मतं आहेत. बायकोला सिंकवर मान ओढून खाली घेता येते तसली स्प्रिंगची तोटी पाहिजे. पोराला काळी पाहिजे. आई म्हणते, "खाली घागर बसली पाहिजे, बाकी काय बी आणा." माझं मत कुणी विचारलं नाही, पण मला फक्त न गळणारी पाहिजे.

कारण सध्याच्या भाड्याच्या घरात चार वर्षांत सिंकची तोटी तीनदा बदलली. एकदा दांडी हातात आली, एकदा मान निघाली. आता बेसिनची गळायली. परवा रात्री दहाला खाली पातेलं लावलं, सकाळी सहाला मोजलं तर पावणेदोन लिटर. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं गाव आहे हे. आईला त्या टिपटिपीनं झोप लागत नाही, उठून उठून पातेलं बघते.

आमच्या भागात नळाला आठ दिसानं पाणी येतं, ते हौदात घेतो. बाकी सगळं बोअरवर. टाकी वरच्या स्लॅबवर राहील. पितळी घ्यावी, स्टीलची घ्यावी की प्लास्टिकची? आणि ती एका दांडीची गरम-गार तोटी आपल्याकडं चालते का? फोटो चढवायला बघतोय, चढेना.

खडकाळ (परभणी)

मास्तर, तोटीच्या आधी पाणी सांगा. बोअरचं पाणी तपासलंय का?

आणि तपासायचं म्हणजे आरओवाला ते पेनासारखं मीटर बुडवून "बाप रे, ९००!" म्हणतो तसं नाही. ते मीटर पाण्यात विरघळलेलं सगळंच एका आकड्यात सांगतं. तोटीची वाट लावतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार, म्हणजे पाण्याचा जडपणा, आणि तो वेगळा मोजावा लागतो. थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं किट मिळतं, किंवा बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत द्यायचं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आयएस १०५००. त्यात जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या, असं आहे. माझ्या बोअरचा ७४० आला. आमच्याकडं साबणाला फेस येत नाही, नुसता लगदा होतो.

काळ्या पाषाणाच्या भेगांतून मुरत आलेलं पाणी ते, येताना क्षार घेऊनच येणार. हेच पाणी तापवलं की क्षार आणखी जोरात खाली बसतो. बंबाच्या तळाला पापडी जमते ना, तीच. म्हणून घरातली गरम पाण्याची तोटी नेहमी गारच्या आधी जाम होते. निरखून बघा.

जालनेवाला

स्टील घ्या. ३०४ ग्रेडचं. पितळेवरचा क्रोमचा मुलामा खाऱ्या पाण्यानं चार-पाच वर्षांत फुटतो, मग खालून हिरवं यायला लागतं. स्टीलला मुलामाच नाही तर निघणार काय? आमच्या गावात स्टील काय असतं ते शेंबडं पोरगंही सांगेल.

पाईपपाना (नांदेड)

जालनेवाले भाऊ, तुमच्या गावात सळई बनती, तोटी नाही बनत. 😀 रागावू नका.

मी प्लंबिंग करतोय, १९ वर्षं झाली. ३०४ खरंच असलं तर चांगलंच हाये, नाही म्हणत नाही. पण बाजारात ३०४ म्हणून २०२, म्हंजे हलक्या ग्रेडचं स्टील, विकायलेत लोक. आन् गिऱ्हाईक लोहचुंबक लावून बघतंय! चुंबक दोन्हीला बी चिकटत नाही, त्यानं काय कळणार? थेंब टाकून तपासायचं किट असतं, पण ते दुकानात कोण करू देतंय. वरसा-दीड वरसात जोडापाशी तांबूस ठिपके आले की समजायचं.

मास्तर, पितळ वळखायचं सांगतो. तोटी उलटी करा आन् आटे बघा. आट्यावर मुलामा पातळ असतो, आतून पिवळं दिसलं पाहिजे. करडं-पांढरं दिसलं तर ते जस्ताचं ओतीव, खाऱ्या पाण्यात आटे भुगा होतेत आन् भिंतीतच तुटून राहतेत. तुमची दांडी हातात आली म्हणालात, ती बी जस्ताचीच असल. लई कंपन्या अंग पितळेचं करतेत आन् दांडी जस्ताची, दांडीचं तेवढं चालून जातं. दुसरं म्हंजे दोन तोट्या दोन हातात घ्या. जड ती घ्या. येवढं सोपं हाये.

साधी जुनी पितळी तोटी घेणार असाल, फिरवत-फिरवत उघडायची ती, तर तिच्यावर आयएसआयचा शिक्का आन् आयएस ७८१ बघा. तिचं वायसर दहा रुपयाला मिळतं आन् बदलायला मी बी लागत नाही.

प्लास्टिकला हसू नका. पीटीएमटी म्हणतेत ती पांढरी तोटी, क्षार तिच्या अंगाला काय करत नाही. अंगण, संडास, गच्चीवर ती लावा. मात्र गरम पाण्याच्या लाईनला नको.

सूनबाई, अंबाजोगाई

इथं सगळे धातूवर बोलताहेत, पण सिंकपाशी उभं कोण राहतं?

मास्तर, तुमच्या आईंचं खरं आहे. सिंक घ्यायच्या आधी घरातली सगळ्यात मोठी घागर किंवा कुकर घ्या, तो सिंकमध्ये ठेवा आणि तिरपा न करता तोटीखाली येतो का बघा. आमच्याकडं तोटीचं तोंड सिंकच्या तळापासून वीतभर वर होतं. पाण्याच्या दिवशी मी घागर आडवी धरून भरायचे. सहा वर्षं. मान उंच आणि फिरणारी घ्या. पण फार उंचही नको, आमच्या नणंदेच्या घरी पाणी एवढ्या वरून पडतं की भांडी घासणाऱ्या बाईंचा पदर भिजतो.

मानेचं तोंड सिंकच्या मधोमध आलं पाहिजे. आमची मान आखूड होती, पाणी मागच्या भिंतीपाशी पडायचं, हात धुताना बोटं स्टीलला घासायची.

दांडीची तोटी मात्र घ्याच. कणकेचा हात, हळदीचा हात, मनगटानं ढकललं की झालं. गोल फिरवायच्या तोटीला रोज कणीक लागते आणि ती वाळली की निघता निघत नाही.

ती ओढायची स्प्रिंगची तोटी दोन घरांत पाहिली. दोन्हीकडं फवाऱ्याची भोकं क्षारानं बुजलेली, एक धार वर, एक धार अंगावर. वहिनींना सांगा, आधी तुमचं पाणी बघू द्या.

मुपो वसमत, सध्या पुणे

मी मागच्या वर्षी फ्लॅटमध्ये सगळीकडे सिंगल लिव्हर मिक्सर बसवले. एका हातात गरम-गार दोन्ही, काही त्रास नाही. बेसिनला सेन्सर आहे, हात धरला की पाणी. प्रेशर कमी असेल तर प्रेशर पंप लावा, विषय संपला.

पाईपपाना (नांदेड)

दादा, वसमतला आईकडं बी सेन्सरच लावला का?

मुपो वसमत, सध्या पुणे

नाही हो. तिथं पितळीच आहे. वडिलांनी लावलेली, तीस वर्षांची. 😅

नहरीकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मुपोंचं चुकलेलं नाही. सिंगल लिव्हर वाईट नसतो, त्याला दाब लागतो एवढंच. त्याच्या आत चकत्यांमध्ये लहान भोकं असतात, त्यातून गरम-गार मिसळून पाणी येतं. बऱ्याच मॉडेलांच्या पत्रकावर किमान अर्धा बार, काहींवर एक बार दाब मागितलेला असतो. छोट्या अक्षरात असतो, पण असतो.

हिशोब सोपा आहे. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार. टाकीच्या तळापासून तोटीच्या तोंडापर्यंतची उभी उंची मोजायची, आडवा पाईप कितीही असो. मास्तर, टेप घेऊन मोजा आणि आकडे टाका, मग बोलू.

अवांतर: आमच्याकडं पाणचक्कीत पाणी भिंतीवर चढून वरून हौदात पडतं, तिथं पंप नाही. मूळ झऱ्याची उंची जास्त, म्हणून ते चढतं. शहराला पाणी आणणारी नहर मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला केली, तिचंही सगळं उंचीवरच. चारशे वर्षांपूर्वी लोकांना कळलेलं गणित आज दुकानात तोटी विकताना कुणी सांगत नाही.

गंजगोलाई मास्तर (लातूर)

सगळ्यांचे आभार. शाळा सुटल्यावर पोराला घेऊन टेप लावला.

टाकी स्लॅबवर दोन फुटी ओट्यावर धरली तर तळ जमिनीपासून ६.८ मीटर. खालच्या स्वयंपाकघरातली तोटी १.१ मीटरवर, म्हणजे उंची मिळाली ५.७. खालचा शॉवर २.१ वर, त्याला ४.७. आणि वरच्या न्हाणीतला शॉवर ५.२ मीटरवर, त्याला उरले फक्त १.६!

म्हणजे एकाच घरात खाली अर्धा बार आणि वर त्याच्या निम्माही नाही. आणि दुकानदार सगळीकडे एकच सेट देत होता.

नहरीकाठ (छत्रपती संभाजीनगर)

बघा. खालच्या सिंकला सिंगल लिव्हर लावलात तर काठावर चालेल. वरच्या शॉवरला लावलात तर मुंगी मुतल्यासारखं पाणी येईल, माफ करा. वर साध्या दोन वेगळ्या तोट्या किंवा पाव फेऱ्यात उघडणाऱ्या दोन दांड्यांचा भिंतीवरचा मिक्सर घ्या, आतली वाट मोठी असलेला.

आणखी एक. ओट्यावर किंवा बेसिनवर उभी राहणारी जी तोटी असते तिला खालून जाळीदार नळीनं पाणी येतं. त्या नळीचं आतलं भोक बोटाच्या टोकाहून बारीक. भिंतीतून थेट अर्ध्या इंची पाईपवर बसणारी तोटी त्याच दाबाला बरंच जास्त पाणी देते. स्वयंपाकघरात भिंतीवरचीच घ्या. ओट्याला भोकही नको, आणि त्या भोकाभोवती साचणारा काळा चिखलही नको.

पाणी तापवायचा सोलर बसवणार आहात का?

गंजगोलाई मास्तर (लातूर)

पुढच्या वर्षी. आत्ता पैसे संपत आले.

नहरीकाठ (छत्रपती संभाजीनगर)

मग टाकीचा ओटा आत्ताच उंच करा. सोलरला पाणी देणारी टाकी सोलरच्या टाकीच्या वरच असावी लागते, म्हणजे सात-आठ फूट उंची लागेलच. दीड मीटर वाढलं तर वरच्या शॉवरला १.६ चे ३.१ होतील. जवळजवळ दुप्पट. विटा-सिमेंटचा खर्च एकदाच, पंपाचं वीजबिल जन्मभर. आणि लाईट गेल्यावर पंप गप्प बसतो, ओटा नाही बसत. फक्त भरलेल्या टाकीचं वजन इंजिनिअरला विचारून खांबावर घ्या. हजार लिटर म्हणजे एक टन.

घागरभर (बीड)

सोलरचं निघालंच आहे तर आमचा किस्सा. आम्ही प्रेशर पंप लावला, तोही फक्त गार पाण्याच्या लाईनला. आठ दिवस मजा आली. नंतर सकाळी सोलरचं पाणी कोमट येऊ लागलं. सोलरवाला आला, नळ्या पुसून गेला, पैसे घेऊन गेला. पुन्हा तेच. शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं वरच्या न्हाणीत जाऊन बघितलं. पोरं मिक्सरच्या दोन्ही दांड्या उघड्या ठेवून पुढं लावलेला हात-फवारा खटक्यानं बंद करायची. पंपाचं गार पाणी मिक्सरच्या आतून गरम लाईनीत शिरायचं आणि उलटं वर सोलरमध्ये चढायचं. रात्रभर. बिचारा सोलर बीडची गार लाईन तापवत बसला होता.

आता दोन्ही लाईनीला एकेरी झडप बसवलीय. आणि भिंतीवर पाटी, "दांड्या बंद करा."

पाईपपाना (नांदेड)

+१. हे मी महिन्याला दोनदा बघतो. संडासातल्या फवाऱ्याचं बी तसंच. त्याच्या मागची अँगल कॉक, म्हंजे भिंतीपाशची बारकी तोटी, बंद करायची सवय लावा. नाहीतर नळी सदा दाबाखाली राहती, एखाद्या दिवशी फुटती आन् तुम्ही लग्नाला गेलेले असता. किनवटला एका घरी संडासापासून हॉलपर्यंत पाणी, खाली दिवाण तरंगायला.

सूनबाई, अंबाजोगाई

तोंडावरच्या जाळीचं कुणी बोललं नाही. फेसाळ पाणी देणारी ती जाळी. पाणी कमी लागतं हे खरं, हात धुवायला, भाजी धुवायला छान, शिंतोडे उडत नाहीत. पण बोअरच्या पाण्यात महिन्याभरात धार वाकडी होते. मी दर पंधरा दिवसांनी जाळी काढून वाटीभर व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवते. व्हिनेगर नसलं तर पिळलेल्या लिंबाच्या फोडी तोटीच्या तोंडाला पिशवीनं बांधून ठेवायच्या. सकाळी दात घासायच्या ब्रशनं पापडी निघते.

म्हणून जाळी हातानं निघते का, हे दुकानातच काढून बघा. काही तोट्यांना आत चावी लागते, आणि ती चावी डब्यातून कधीच हरवलेली असते.

आणि कृपा करून फरशीचं ॲसिड तोटीला लावू नका. आमच्या शेजारणीनं लावलं, एका दिवसात चकाकी गेली आणि तोटी मोरपंखी झाली.

जालनेवाला

स्टीलला ॲसिडनं काही होत नाही.

खडकाळ (परभणी)

होतं. फरशीचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक, ते स्टेनलेसलाही खातं, बारीक खड्डे पडतात. भाऊ, तुम्ही स्टीलच्या प्रेमात आहात. 🙂

जालनेवाला

आहे. जन्मगाव आहे.

खडकाळ (परभणी)

मास्तर, आतल्या यंत्राचं ठरवलं का? खरी निवड तिथं आहे, बाहेरची चकाकी सगळ्यांचीच सारखी.

जुन्या तोटीत रबराचं वायसर पितळेच्या बैठकीवर दाबलं जातं. गळाली की लोक आणखी आवळतात, रबर चिरतं, मग बैठक झिजते. नव्या तोटीत चिनी मातीच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर सरकतात. पाव फेरा, बास. आवळायला लागत नाही, म्हणून टिकते. या चकत्या क्षाराला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. त्यांचा शत्रू म्हणजे वाळूचा कण. बोअर ओढताना शेवटी गढूळ पाणी येतं ना, त्यातला एक कण दोन चकत्यांत अडकला की चरा, आणि चऱ्यातून टिपटिप. चकती दुरुस्त होत नाही, आतला कार्ट्रिज, म्हणजे चकत्या बसवलेला तुकडा, अख्खा बदलायचा.

मी बोअरच्या लाईनीला टाकीच्या आधी जाळीचा फिल्टर लावलाय. दर रविवारी उघडतो, चमचाभर रेती निघते. ही रेती कुणाच्या तरी तोटीत गेली असती.

पाईपपाना (नांदेड)

कार्ट्रिजचं खडकाळ सर बरोबर सांगायलेत, माझं त्याच्यापुढचं ऐका. दुकानात तोटी घेताना पहिला प्रश्न हा विचारा: "हिचं आतलं काटरिज तुमच्याकडं आज हाये का? काढून दाखवा." दाखवलं तर घ्या. "मागवून देतो" म्हणला तर उठा तिथनं. कामून म्हणाल तर सगळ्याचे माप वेगळे असतेत. कुणाचे दाते २०, कुणाचे २४, सिंगल लिव्हरला कुणाचं ३५ मिलिमीटर, कुणाचं ४०. काळी फॅन्सी तोटी ऑनलाईन मागवतेत, दोन वरसानं गळती, आन् तीनशे रुपयाच्या काटरिजपायी चार हजाराची तोटी भंगारात जाती. नव्या घरासाठी सगळ्या तोट्या एकाच कंपनीच्या, एकाच काटरिजच्या घ्या आन् दोन काटरिज आत्ताच घेऊन कपाटात ठेवा.

पोराला सांगा, काळ्यावर पांढरा क्षार लई उठून दिसतो. काळ्या म्हशीवर भस्म लावल्यासारखं.

भिंतीच्या आतला डायव्हर्टर, म्हंजे पाणी शॉवरला नाहीतर तोटीला वळवायची कळ, घेणार असाल तर मिस्त्री आन् प्लंबर दोघांना एका जागी उभं करा. फरशीची जाडी, खालच्या मसाल्याची जाडी धरून तो किती आत बसवायचा हे ठरतं. डायव्हर्टरवर खूण असती, वरची फरशी तिथपर्यंत आली पाहिजे. जास्त आत गेला की दांडी बसत नाही, बाहेर राहिला की पत्री झाकण फरशीला टेकत नाही. मग फोडा फरशी! खाऱ्या पाण्याच्या गावात मी तर सांगतो, भिंतीत लपवूच नका. बाहेरचा मिक्सर घ्या, पाना लावला की निघतो.

आन् नव्या तोट्या लगेच बसवायच्या नाहीत. आधी सगळ्या तोंडाला प्लास्टिकचे बूच, मग लाईन सोडून धुवायची. पाईप कापल्याचा भुसा, सिमेंट, मातकट पाणी सगळं वाहून जाऊ द्यायचं. रंगारी गेल्यावर तोट्या. नाहीतर पहिल्याच दिवशी त्या चकत्यांत सिमेंट. सीपीव्हीसी, म्हंजे गरम पाणी चालणाऱ्या प्लास्टिकच्या पाईपला तोटी लागती तिथं पितळी आट्याचा जोड टाका, नुसता प्लास्टिक आट्याचा नको. टेफलॉन टेप आट्याच्या दिशेनं गुंडाळा, आन् पान्यावर लटकू नका.

घागरभर (बीड)

अंगणातल्या तोटीबद्दल. नळाचं पाणी थेट जिथं येतं ती पितळी लावू नका, रात्रीत चोरीला जाते. आमच्या गल्लीत एका रात्रीत पाच गेल्या, सकाळी पाणी सुटलं तेव्हा कळलं. पाचही घरांपुढं कारंजी.

दुसरं, पाणी कधी येईल याचा नेम नाही म्हणून आपण तोटी उघडी ठेवून झोपतो, फुसफुस आवाज आला की उठायचं. पाव फेऱ्याची दांडीची तोटी उघडी की बंद ते दांडीवरून लांबूनही कळतं, पण अंगणात चोरी नको म्हणून फिरवायची साधी प्लास्टिकचीच बरी. आणि खाली घमेलं उपडं ठेवा, पाणी पडलं की ढोल वाजतो.

मुपो वसमत, सध्या पुणे

घमेल्याचा सेन्सर आवडला.

गंजगोलाई मास्तर (लातूर)

पाण्याचा रिपोर्ट आला. जडपणा ६१०.

मंडळी, परत दुकानात गेलो, या वेळी दुसऱ्या. गंजगोलाईच्या बाजारातल्या एका आडरस्त्याला बारकं दुकान आहे, मखमल नाही, काउंटरवर तराजू आहे. पाईपपाना भाऊंचा प्रश्न पाठ करून गेलो होतो, "काटरिज काढून दाखवा." म्हातारे मालक चष्म्यावरून बघत म्हणाले, "कुणी शिकिवलं?" आणि खणातून तीन काढून ठेवले.

घेतलं ते असं. सिंकला भिंतीवरची पितळी, उंच फिरती मान, हातानं निघणारी जाळी. दोन्ही न्हाण्यांत बाहेरचे दोन दांड्यांचे मिक्सर, खालीही तेच, कारण सगळ्यांचा कार्ट्रिज एक. बेसिनला साध्या उभ्या तोट्या. संडासात आणि गच्चीवर पीटीएमटी. अंगणात फिरवायची प्लास्टिकची. टाकीच्या आधी रेतीचा फिल्टर, जास्तीचे दोन कार्ट्रिज. सगळं मिळून ३१,४०० झाले. टाकीचा ओटा वाढवायला इंजिनिअर हो म्हणाले.

पोरगा दोन दिवस बोलला नाही. बायकोला सूनबाईंचा प्रतिसाद वाचायला दिला, तिचं समाधान झालं. निदान ती तसं म्हणाली.

पाईपपाना (नांदेड)

चांगलं घेतलं सर. फरशी झाली की कळवा.

गंजगोलाई मास्तर (लातूर)

चार महिन्यांनी धागा वर काढतोय, रागावू नका. राहायला आलो. वरच्या शॉवरला पाणी बरं येतं, बादली तोटीखाली भराभर भरते. गळत काही नाही.

एक फजिती मात्र झाली. सिंकच्या वर खिडकी आहे, तिची झडप आत उघडते. उंच मानेची तोटी बसवली आणि खिडकी उघडायला गेलो तर झडप थेट मानेला. घागर मोजली, कुकर मोजला, खिडकी कुणीच मोजली नाही.

सूनबाई, अंबाजोगाई

अगं बाई! माझ्याच्यानं राहून गेलं ते सांगायचं. मान कडेला फिरवून ठेवा आणि खिडकी उघडा, रोजची सवय होईल. नाहीतर सुताराला सांगून बिजागऱ्या बदलून झडप बाहेर उघडती करा.

गंजगोलाई मास्तर (लातूर)

सुतार रविवारी येतो म्हणालाय. कुठला रविवार ते बोलला नाही.

आणि भाऊ, एक विचारायचं होतं. नव्या सिंकच्या तोटीच्या तोंडाला आईनं पहिल्याच दिवशी धोतराचं फडकं बांधलंय. जाळी आहे म्हणून सांगितलं, ऐकत नाही. त्यानं तोटीला काही होईल का?

पाईपपाना (नांदेड)

काय होत नाही, बांधू द्या. जाळी पंधरा दिसाला काढा म्हणून सूनबाईंनी सांगितलं, आन् तुम्ही काढणार नाहीत. फडकं आई रोज धुते.